तपेल्याचा तळ

तात्या, तुमच्या तेराव्याला सगळं गाव जेवलं आणि मला सगळ्या गावाची किळस आली.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे उगाच गोड बोलायची पाळी यायला नको. गोड बोलणारी माणसं तुम्हाला आवडत नसत. "वरनं गूळ घालतोय म्हंजे खाली कायतरी झाकतोय," असं तुम्ही म्हणायचात आणि म्हणताना हमखास माझ्याकडे बघायचात. तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं, मला नेरळच्या शाळेने जेमतेम शिकवलं, म्हणून हे लिहायला धीर होतोय. समोर असतात तर दुसऱ्याच वाक्याला म्हणाला असतात, पुरे रं, भाताखालचा जाळ बघ.

पाटील पहिल्या पंगतीत पहिले बसले. लाडू तोंडात कोंबून सांगत होते की तात्या म्हणजे देवमाणूस, असा आचारी पंचक्रोशीत पुन्हा होणे नाही. हनुवटीवरून तूप ओघळत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं. याच पाटलांनी, आपल्या गावच्या सुंदराच्या लग्नात जे झालं त्यानंतर, तुम्हाला घरच्या एकाही कार्यात चुलीपाशी उभं केलं नाही. नातवाच्या बारशाला कर्जतहून आचारी आणला आणि तुम्हाला बोलावलं ते लाकडं फोडायला. तुम्ही गेलात. लाकडं फोडून दिलीत, वर पाटलांच्या नातवाला आशीर्वादही दिलात. त्या दिवशी मी तुमच्यावर चिडलो होतो आणि ती चीड अजून गेलेली नाही.

तर हे पाटील, आणि शेजारी बसून माना डोलावणारे त्यांचे ते सगळे सोयरे. मी आमटीचं भांडं घेऊन त्यांच्या पुढ्यातून गेलो तेव्हा एकेकाने द्रोणावर हात धरला. भात चालला, भाजी चालली, लाडू तर मागून मागून घेतले. आमटी तेवढी नको. कुणी म्हणालं पोट भरलं, कुणाला पित्त होत होतं. पाटलांनी नुसता हात धरला, मी पुढे सरकलो, आणि त्यांनी पुन्हा तुमचं गुणगान सुरू केलं. मेलेल्याचं कौतुक करायला काही लागत नाही. त्याने शिकवलेल्या माणसाच्या हातची आमटी प्यायला लागतं.

कारण आमटी कळक्याने केली होती, आणि कळक्या म्हणजे मी.

हे नाव मला कसं पडलं ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक. तरी आज सगळं ओळीने सांगतो, कारण तुमच्यापाशी मी ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत कधी बोललोच नाही. तुम्ही बोलू दिलं नाहीत. मी तोंड उघडलं की तुम्ही हातात घासायला काहीतरी द्यायचात.

गावकीची भांडी देवीच्या देवळामागच्या खोलीत असायची. ज्याच्या घरी कार्य त्याने न्यायची आणि घासून परत आणून ठेवायची. ती सांभाळायची पाळी घराघरांतून फिरे, त्या वर्षी ती आमच्या घरावर आली. बाप खोकल्याने अंथरुणाला खिळलेला, म्हणून किल्ली माझ्या कमरेला. नुकतं मिसरूड फुटलेलं, त्यात देवीच्या खोलीची किल्ली, मग काय विचारता. सगळ्यांत मोठं तांब्याचं तपेलं मी दोघा मित्रांना दिलं, डोंगराच्या पायथ्याशी मोहाची दारू गाळायला. सरकारने गाळायची बंदी केल्यापासून त्यात जास्तच मर्दुमकी वाटायची. बदल्यात मला एक बाटली मिळायची होती, ती मिळालीही. देवीचं तपेलं आणि त्यात मोहाचं आंबण. आता लिहिताना तोंडाला पाणी सुटतं, पण ओकारीच्या आधी सुटतं ते.

तपेलं परत आलं सुंदराच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. तोवर कल्हईवाला हसनभाई येऊन, बाकीची सगळी भांडी आतून पांढरी करून पुढच्या गावाला गेला होता. या तपेल्याची कल्हई आंबणाने आणि जाळाने पार खाल्ली होती, तळाशी तांबं उघडं पडलं होतं. मी ते चिंच आणि राख लावून घासलं. इतकं घासलं की लख्ख तांबडं दिसायला लागलं आणि मला स्वतःलाच ते छान वाटलं. उघड्या तांब्यात आंबट शिजवलं की कळकतं, तांब्याचं विष त्यात उतरतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मलाही होतं. पण एका वेळच्या आमटीला काय होतंय, अशी मी मनाची समजूत घातली. सकाळी तुम्ही भाताचं आधण ठेवत होतात. मान न वळवता विचारलंत, "तपेल्याला कल्हई झाली काय रं?" मी म्हणालो, "झाली."

वऱ्हाड लोधिवलीहून बैलगाड्यांनी यायचं होतं, ते आलं चांगलं ऊन चढल्यावर. तोवर चिंचेची आमटी तपेल्यात तशीच उभी. आपली रीत अशी की देवीला नैवेद्य दाखवल्याशिवाय शिजवणाऱ्याने जिभेला काही लावायचं नाही, आणि नैवेद्य दाखवायचा तो वऱ्हाड मांडवात आल्यावर. म्हणजे आमटी ओळखायची ती नाकाने. तुमच्या हाताखाली ढवळत मी होतो. मला वास आला, तात्या. तांब्याचा पैसा तोंडात धरल्यावर जिभेच्या मुळाशी जे बसतं, तसा वास. मी त्यात गूळ घातला. वास राहिला, म्हणून आणखी घातला, आणि वरून हिंगाची फोडणी दिली. पलीकडून तुम्ही विचारलंत, दुसऱ्यांदा फोडणी कशाला? मी म्हणालो, वरपक्षाला खमंग लागतं.

पहिली पंगत वरपक्षाच्या पुरुषांची होती. नवरदेवाचे आजोबा सगळ्यांत आधी उठले आणि मांडवाच्या खांबाला धरून ओकले. मग त्यांच्या शेजारचा. मग नवरदेव, कपाळाला बाशिंग तसंच, स्वतःच्या शेल्यावर. एक ओकला की दुसऱ्याला ढवळतं, त्यामुळे ज्यांनी आमटीला तोंडही लावलं नव्हतं तेही ओकायला लागले. मांडवाला आंब्याचे टहाळे बांधले होते, त्यांच्या हिरव्या वासात तो वास कालवला गेला. मग कुत्री आली. कुत्री कशासाठी आली ते मी लिहीत नाही. सुंदरा हळदीच्या अंगाने दारात उभी राहून बघत होती.

आजोबांना गाडीत निजवून लोधिवलीला नेलं. आठवडा उलटायच्या आत ते वारले. आमटीने की वयाने, हे मी तुम्हाला किती वेळा विचारलं असेल. तुमचं एकच उत्तर, "ते देवीला ठावं. तुला जेवढं ठावं हाय तेवढं धर." मला हे उत्तर कधी पटलं नाही. एक तर हो म्हणा, नाही तर नाही म्हणा. कुठलंही चाललं असतं. तुम्ही दोन्हींतलं एकही न म्हणता गेलात आणि आता ते मलाच वागवायचं आहे.

गावकी बसली तेव्हा तुम्ही उभे राहिलात. म्हणालात, "भांडं मी वाकून बघितलं नाय. चूक माजी हाय." माझं नाव घेतलं नाहीत. मी मागे भिंतीला टेकून बसलो होतो आणि बसूनच राहिलो. पुढे त्या दोघा दारू गाळणाऱ्या मित्रांपैकी एकाने पिऊन सगळं बडबडलं आणि गावभर झालं, तोवर मी माथेरानला पळालो होतो. कळक्या हे माझं बारसं माझ्या पाठीमागे झालं.

माथेरानला आधी साहेबांच्या आणि पारशी लोकांच्या डोल्या उचलल्या, मग एका हॉटेलच्या मागच्या बाजूला उष्टी भांडी घासायला लागलो. मांसाची थिजलेली चरबी, पांढरी, बोटांच्या बेचक्यांत बसायची आणि जेवताना भाताला तिचा वास यायचा. किळस यायची. पण मनात म्हणायचो, आपली लायकीच ही, हेच बरं. खोटं कशाला बोलू, त्यात मला एक तऱ्हेचं सुखही वाटायला लागलं होतं. रोज स्वतःवर थुंकायचं आणि रोज झोपायचं, दुसरं काही करायला लागत नाही.

तिथे एका दुपारी तुम्ही उगवलात. नेरळहून सगळा चढ चढून, अनवाणी, धोतर गुडघ्यापर्यंत तांबड्या मातीने माखलेलं. वाटलं, आता मारणार. मारलं असतंत तर बरं झालं असतं. तुम्ही भांड्यांच्या ढिगाशेजारी बसकण मारलीत, दम खाल्लात, एक बशी उचलून हुंगलीत आणि तोंड वाकडं केलंत.

"किळस येतेय काय रं?"

मी म्हणालो, येते.

"कशाची? बशीची का तुजी?"

 रडलो असं लिहायला शोभलं असतं, पण मी रडलो नाही. मला तुमचा राग आला होता. एवढं चढून येऊन माणूस असं विचारतो का?

"येतेय ना, मंग बरं हाय," तुम्ही म्हणालात. "ज्याला किळस येत नाय त्यानं चुलीपाशी उभं ऱ्हाऊ नये. पन तू ती हितं फुकट घालवतोयस. तिकडं सुंदरीला पांढऱ्या पायाची म्हनतायत. म्हातारा तिच्या पायगुनानं गेला म्हनतायत. म्हायेरला धाडत नायत. ती पोर तिकडं तुजं उष्टं खातेय, आनि तू हितं सायबाचं घासतोयस."

मला हे ठाऊकच नव्हतं. माझ्या चुकीचा मी इतका लाड करत बसलो होतो की ती दुसऱ्या कुणाच्या पानात पडली असेल, हे मनातही आलं नाही. त्याच दिवशी तुमच्याबरोबर उतरलो.

लोधिवलीला सुंदराच्या सासरी तुम्ही मला अंगणात पुढे केलंत आणि स्वतः कुंपणाशी उभे राहिलात. मी सगळं सांगितलं. तपेलं, मोह, कल्हई, गूळ, हिंग. म्हणालो, सुनेचा पायगुण नव्हे, माझा हात. सुंदरा आत चुलीपाशी होती, तिच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या ते मला ऐकू आलं. तिच्या सासूने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि माझ्या पायांवर थुंकली. तोंडात विडा होता, पाय लाल झाले. परतताना नदीला आलो तेव्हा मी धुवायला वाकलो, तर तुम्ही म्हणालात, "घरी धू. गावातनं तसाच चल." मी तसाच चाललो. वेशीपासून घरापर्यंत बायका दारात येऊन माझे पाय बघत होत्या. हे तुमचं मला आजही पटत नाही, तात्या. त्या वाटेवर मी तुम्हाला मनातल्या मनात इतक्या घाणेरड्या शिव्या दिल्या की त्या इथे लिहिल्या तर कागद विटाळेल. तुम्ही पुढे चालत होतात, मागे वळून एकदाही बघितलं नाहीत. पण चाल मुद्दाम हळू ठेवली होतीत, म्हणजे मी एकटा पडू नये. हे मला पुष्कळ वर्षांनी सुचलं आणि तोवर शिव्या देऊन झाल्या होत्या.

मग तुम्ही मला कामाला जुंपलंत. मोठ्या घरांनी तुम्हाला बोलावणं सोडलं होतं. ज्यांना कर्जतचा आचारी परवडत नसे, ती घरं तेवढी उरली होती. तिथे तुम्ही शिजवायचं आणि मी उष्ट्या पत्रावळी उचलायच्या, भांडी घासायची, हसनभाई आला की त्याचा भाता ओढायचा. नवसागराचा पांढरा धूर नाकातोंडात जाऊन डोळे गळायचे. हसनभाई हसायचा. म्हणायचा, "तात्या, ह्याला आतनं पन कल्हई करू काय?" तुम्ही म्हणायचात, कथील पुरायचं नाही.

चुलीवर चढायच्या आधी प्रत्येक भांडं उन्हाकडे कलतं करून मी आत डोकं घालायचं, हा तुमचा नेम. लांबून बघितलेलं तुम्हाला चालत नसे. "वाक. नाक आत घाल." तपेल्यात डोकं घातलं की आपलाच श्वास तोंडावर परत येतो आणि त्याबरोबर भांड्याने जे जे सोसलं ते सगळं वर येतं. जुनी हळद, करपलेली डाळ, कुणाच्या तरी हातची ओशट राख. पावसाळ्यात एकदा कुणीतरी न घासता ठेवलेलं भांडं सापडलं. आत किडे वळवळत होते. मी मागे सरलो, तर तुम्ही मानगूट धरून मला पुढे केलंत. "ह्यो वास ध्यानात ठेव. ह्येच्या आधीचा वास कसा असंल तो बी इचार कर." मी बाजूला जाऊन ओकलो. परत आलो तेव्हा तुम्ही माझ्या हातात चिंच दिलीत, खायला नव्हे, घासायला.

लोधिवलीलाही दर वर्षी भात झोडून झाला की जायचं, हेही तुमचंच. पुन्हा सांगायचं काही नव्हतं. नुसतं अंगणात उभं राहायचं, काही काम असेल तर विचारायचं आणि परत यायचं. पुढच्या खेपेला सासू थुंकली नाही, दार लावून घेतलं. नंतर कधीतरी दार उघडं राहायला लागलं. मी तुम्हाला म्हणायचो, हा काय वेडेपणा, भिकाऱ्यासारखं किती वर्षं उभं राहू? तुम्ही म्हणायचात, "सुंदरी म्हायेरला येईस्तोवर."

आणि मग एका वर्षी ती म्हातारी आतून तांब्याचा हंडा घेऊन बाहेर आली. माझ्यापुढे आदळला. म्हणाली, "वाकून बघ रं. कल्हई ऱ्हायली काय?" मी उन्हाकडे धरून डोकं आत घातलं. म्हणालो, गेली आहे, यात ताक ठेवू नका. तिने हंडा उचलला, आत गेली आणि तांब्याभर पाणी आणून पायरीवर ठेवलं. पुढल्या दिवाळीला सुंदरा पहिल्यांदा माहेरी आली.

हंड्याचं मी त्याच दिवशी धावत येऊन तुम्हाला सांगितलं. पाठीवर हात पडेल अशी माझी आशा. तुम्ही विचारलंत, "हंड्याचा तळ बघितलास का नुसता काठ?"

एक भांडण आपलं राहूनच गेलं. गावकीपुढे तुम्ही म्हणालात, चूक माझी. ते वाक्य तुम्ही शेवटपर्यंत मागे घेतलं नाहीत. मी म्हणायचो, खोटं मी बोललो. तुम्ही म्हणायचात, बघायचं काम माझं होतं. माझ्या मालकीची म्हणून या जगात एकच वस्तू होती, ती चूक, आणि तिच्यातही तुम्ही न विचारता वाटेकरी झालात. त्यापायी चांगली घरं गेली, नाव गेलं, पाटलांच्या दारात लाकडं फोडलीत. मला तुमची दया नको होती. तुमच्या त्या अर्ध्या वाट्याचा मला जेवढा जाच झाला तेवढा सगळ्या गावाच्या चिडवण्याचा झाला नाही. हे तुम्हाला कळत होतं की नाही, कोण जाणे. कळत असणार. तुम्हाला न कळलेलं काही मला आठवत नाही. आणि हेही सांगतो, कारण जिवंतपणी सांगितलं नाही, की त्या अर्ध्या वाट्यामुळेच मी उरलेला अर्धा उचलू शकलो. सगळी माझ्या एकट्यावर असती तर मी त्या बशांच्या ढिगातच मेलो असतो.

एवढं असूनही आमटीचा डाव तुम्ही माझ्या हाती कधी दिला नाहीत. भात दिलात, भाजी दिलीत, लाडू वळायला दिलेत. आमटीला स्वतः उभे. मी विचारलं की "आजून नाय." मग मी विचारणं सोडलं.

शेवटी तुम्हाला हगवण लागली, ती थांबेचना. तुमचं करून करून घरच्या काकी थकल्या की मी असायचो. तुमचं सगळं मी काढलं, तात्या, आणि मला किळस आली. माणसं म्हणतात, आपल्या माणसाचं काही वाटत नाही. खोटं बोलतात. वास वासच असतो. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होतात, मी कपडा बदलत होतो, तर तुम्ही तसेच बोललात, "किळस येतेय ना रं?"

"येतेय."

"यीऊ दे. हात थांबवू नको."

कपडा बदलून झाला. तुम्ही तोंड माझ्याकडे केलंत आणि म्हणालात, "माज्या तेराव्याची आमटी तू कर."

मी म्हणालो, कशाला? गाव हात लावायचं नाही, पंगतीची शोभा व्हायची.

"मी खाईन की," तुम्ही म्हणालात. "पयलं पान माजंच ना."

आणि हसलात. तुमच्या तोंडात दात उरले नव्हते आणि ते हसू काही बघण्यासारखं नव्हतं, पण मी बघितलं.

तुम्ही गेल्यावर पाटलांनी सुचवलं की नेरळहून आचारी आणू, तात्यांच्या नावाला शोभलं पाहिजे. काकी ओटीवर आल्या आणि म्हणाल्या, "आमटी गोपाळ करंल." पाटील म्हणाले, लोक खायचे नाहीत. काकी म्हणाल्या, नाही खाल्ली तर उरेल. हसनभाई आता म्हातारा झालाय, हात कापतात. निरोप न धाडताच आला. तेच तपेलं त्याने पुढ्यात घेतलं, भाता मी ओढला, आणि तुमच्यासाठी म्हणून त्याने कथील जरा सढळ लावलं. मी उन्हाला धरून वाकलो. बराच वेळ आत होतो. हसनभाई म्हणाला, "आता भायेर ये की रं, आत काय ऱ्हायला जागा हाय काय?"

आमटी केली. गूळ नेहमीपुरताच, फोडणी एकदाच. चव बघायची नव्हती, कारण या खेपेला नैवेद्य तुमचा होता. तुमचं पान वाढून वळचणीला ठेवलं, पाणी फिरवलं, आणि मग त्या पंगती बसल्या. त्यांचं वर लिहिलंच आहे. पुरुषांच्या पंगती उठल्या तेव्हा पत्रावळीवर सांडलेलं तूप होतं, अर्धवट खाल्लेले लाडू होते, आणि द्रोण कोरडे होते. मी त्या पत्रावळी उचलल्या आणि ठरवलं की उद्यापासून या गावासाठी चुलीत काडी घालायची नाही. मला त्यांच्या तुपकट बोटांची, त्यांच्या देवमाणसाची, त्यांच्या पित्ताची शिसारी आली होती. तुमचीही थोडी आली. एवढ्यासाठी मला इथे उभं केलंत?

मग बायकांची पंगत बसली. सुंदरा लोधिवलीहून आली होती, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. केस पिकायला लागलेत. शेजारी सून होती तिची. मी आमटी घेऊन गेलो. सुंदराच्या अलीकडच्या दोघींनी हात धरला. सुंदराने धरला नाही. मी वाढली.

तिने द्रोण उचलला आणि नाकाशी धरला. चांगला वेळ धरला. पंगतीतल्या सगळ्या बायका जेवायच्या थांबल्या. मला राग आला नाही, तात्या, तो तिचा हक्क होता. तिने न हुंगता तोंडाला लावला असता तर मीच हातातून काढून घेतला असता. मग ती प्यायली. सावकाश, तळापर्यंत. द्रोण पुन्हा माझ्यापुढे केला.

"गूळ कमी हाय, गोपाळदादा," ती म्हणाली. "वाढ आनखी."

मी वाढली. तिच्या सुनेने द्रोण पुढे केला. अलीकडच्या दोघींपैकी एकीने हात काढला, दुसरीने नाही काढला.

सगळे गेल्यावर काकींनी मला वाढलं. इतकी वर्षं आंबट जिभेला लागलं की मला तो मांडव आठवतो, म्हणून मी आमटी घेतच नसे. परवा घेतली. सुंदराचं खरं होतं, गूळ कमी पडला होता. तपेलं अजून अर्धं भरलेलं होतं, ते काकींनी शेजारच्या वाडीत वाटून टाकलं. मग मी ते घासायला घेतलं आणि आत वाकून बघितलं. तळ पांढरा होता.

पहिलं पान तुमचं होतं, तात्या. गूळ कमी आहे हे तुम्हाला आधीच कळलं असणार. नेहमीसारखं बोलला नाहीत.